खिंडीचा उतार

"ह्यात चामडं कुठं कुठं आहे?" मी विचारलं.

"काय म्हणालात, वहिनी?" जमीरभाईंनी हवा भरायचा पंप बंद केला.

"चामडं."

"अं?"

शेवटी हेच ओरडले, "चामडं, चामडं! सीट चामड्याची आहे का विचारतेय ती. चातुर्मास चाललाय तिचा!"

दुकानातली चार माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी पदर सारखा केला.

"नाही हो वहिनी," जमीरभाई सीटवर थाप मारून म्हणाले, "आत फोम, वर रेक्झिन. शंभर टक्के शाकाहारी सीट आहे."

माझा आवाजच तसा. माहेरी म्हणायचे, वैजू बोलली की मांजरसुद्धा कान टवकारतं, ऐकू यावं म्हणून. लग्नानंतर तर आवाज चढवायची वेळच आली नाही, कारण हे दोघांच्या वाटचं बोलतात. मला कधी काही सांगायचं असलं तर मी "अहो" एवढंच म्हणायची. पुढचं हे ओळखायचे आणि नाही ओळखता आलं तर स्वतःच काहीतरी रचून त्याला उत्तर द्यायचे.

त्या वर्षी आषाढी एकादशीला मी नेम धरला होता. सकाळी डोळा उघडल्यापासून वाकेश्वराच्या पिंडीवर पाणी घालेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, थेट कार्तिकीपर्यंत. एक दिवस चुकला तर मागचे सगळे दिवस पाण्यात. नेम कशासाठी, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, नेम चारचौघांना सांगावा, म्हणजे आपल्याला पाळायची लाज राहते. हेतू फक्त देवाला सांगावा, म्हणजे त्याला पाळायची लाज राहते.

वाकेश्वर साताऱ्यातल्या आमच्या घरापासून नऊ किलोमीटर, खिंडीच्या पलीकडे. सहा दहाची एसटी देवळाच्या फाट्याशी सोडायची. आणि गणपती गेले त्याच आठवड्यात ती एसटी बंद झाली. ह्यांची स्कूटर दारात होती, पण मला ती येत नाही आणि ह्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा ज्येष्ठात सुटला होता. ऑपरेशन झालं, काळा चष्मा आला, स्कूटरची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात गेली. डावा डोळा मूळचाच अधू. "डॉक्टर म्हणतात दिवाळीपर्यंत वाट बघा," हे येईल त्याला सांगायचे. "बघा म्हणतात, कशानं ते सांगत नाहीत!"

चार दिवस रिक्षा करून पाहिली. रिक्षावाला गप्पिष्ट निघाला. त्याने विचारायचं आणि मी मान हलवायची. चौथ्या दिवशी त्याने ह्यांना तोंडावर सांगितलं, "तुमच्या बाईंना फार माज आहे, मी नाही यायचा." त्या दुपारी मी ह्यांना म्हणाले, "मला सायकल येते."

"काय?"

"सायकल. माहेरी चालवायची. नदीपर्यंत."

"वैजू, तू चौपन्न वर्षांची आहेस."

"सायकलला काय कळतंय?"

तर असे आम्ही जमीरभाईंच्या दुकानात उभे. त्यांचे आजोबा पंक्चर काढायचे, वडील सायकली भाड्याने द्यायचे, आणि जमीरभाईंनी आता पुण्याहून नव्या धर्तीच्या सायकली आणून छताला टांगल्या होत्या. माझ्यापुढं त्यांनी आधी जांभळ्या रंगाची लेडीज सायकल ठेवली. पुढं परडी, मागं कॅरिअर, साडीला जाळी. परडी बघून माझा जीव भांड्यात पडला. बेल, फुलं, उदबत्ती, सगळं मावलं असतं.

"कुठवर जाणार, वहिनी?"

"वाकेश्वर."

जमीरभाईंनी जांभळी सायकल मागं ढकलली. "ही खिंडीत तुमच्यावर बसेल." मग त्यांनी आकडीने छतावरची एक खाली घेतली. काळीभोर, सडपातळ, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, चाकं तर अशी बारीक की सुतळी गुंडाळल्यागत. "उचलून बघा."

मी दोन हात पुढं केले. एकच पुरला. फुलांनी भरलेली परडी उचलावी तशी ती वर आली आणि मला, काय सांगू, एकदम हसूच फुटलं.

"स्टँड कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"ह्याला स्टँड नसतो."

"मडगार्ड?"

"नसतं."

"घंटी?"

"साहेब, ह्या सायकलवाले तोंडाने ओरडतात."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हिला घंटी लावाच," हे म्हणाले. "दोन लावा."

घंटी लागली, एकच. मग मी पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला. सासूबाई काशीला जाताना न्यायच्या तो, झाकणाला आटे असलेला, गळका नाही. बाटली ठेवायला सायकलच्या दांडीवर जो पिंजरा असतो त्यात तो बसेना. जमीरभाईंनी चार पिंजरे बदलले, शेवटी पकडीने पाचव्याच्या तारा वाकवल्या. तांब्या बसला तेव्हा दुकानातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

हेल्मेटनं तासभर घेतला. माझा अंबाडा त्यात जाईना. "अंबाडा खाली उतरवा," जमीरभाई लाजत म्हणाले. पिवळंधमक हेल्मेट ह्यांनी पसंत केलं. "पिवळं मला दिसतं," म्हणाले. पंजाबी ड्रेसच्या आत घालायची गादी शिवलेली चड्डी मी मात्र कागदात गुंडाळून मागितली. घरी आल्यावर ह्यांनी ती हातात धरून चाचपली. "अगं, ही तर लोडासकट बैठक आहे!" पुढं दोन दिवस हे येता-जाता म्हणत, "बसा, बसा, तुमचं आसन तुमच्याबरोबरच आहे."

गिअर मला जमीरभाईंनी मैदानावर शिकवले. "पायाला जड लागलं की हलकं करायचं. जोर करायचा नाही. पाय एका लयीत फिरले पाहिजेत, वहिनी, माळ ओढतो तशी." मला तेवढं सांगणं पुरलं. पायडलच्या दर फेऱ्याला एक 'नमः शिवाय' मनात म्हणत मी निघायची. पहिल्या दिवशी खिंड निम्मी चालत चढले. आठव्या दिवशी न उतरता चढले, आणि वर दगडावर बसून ढसढसा रडले. मौनात रडायला बंदी नाही.

चढाची भीती गेली. उताराची नाही गेली. खिंडीपासून वाकेश्वरापर्यंत दीड किलोमीटर रस्ता खाली घसरत जातो. वळणं तीन, ऐसपैस, पण मी दोन्ही ब्रेक गच्च दाबून मुंगीच्या पावलांनी उतरायची. घाम चढताना कमी आणि उतरताना जास्त यायचा. दसऱ्याच्या दोन दिवस आधी सायकल तपासायला नेली तर जमीरभाईंनी ब्रेकचे गुटके काढून मला दाखवले. पापडासारखे पातळ झाले होते.

"वहिनी, लोक वर्षभर वापरतात हे. तुम्ही महिन्यात खाल्ले?"

"खाली जाताना..."

"काय?"

"भीती वाटते!" मी जरा मोठ्याने म्हणाले.

"सायकल खाली पळायला निघालीय आणि तुम्ही तिची शेपटी धरून बसताय." त्यांनी नवे गुटके बसवले. "सोडून बघा एकदा. ब्रेक आहेत म्हणून तर सोडायचं."

मी नुसती हसले. सोडते कशाला!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी लोखंडाची प्रत्येक वस्तू खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसून पूजेला मांडायची रीत आहे. विळी, अडकित्ता, कात्री, खिळे ठोकायचा हातोडा, माझं शिलाई मशीन. वस्तू लखलखली पाहिजे, नाहीतर ती रुसते, असं सासूबाई म्हणायच्या. त्या वर्षी रांगेत सायकल आली. मी फडकं भरपूर भिजवलं. चेन पुसली, दांडी पुसली, आणि चाकांच्या मधोमध त्या दोन गोल चकत्या असतात ना, नक्षीदार, भोकाभोकांच्या, ताम्हनासारख्या, त्या तर मी दोन्ही बाजूंनी अशा घासल्या की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. हे खुर्चीवरून वास घेत म्हणाले, "आज सायकलला न्हाणं दिसतंय."

दसऱ्याच्या पहाटे हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची भरगच्च माळ हँडलला घट्ट गुंडाळली. हे अजून झोपलेत असं मला वाटलं, खोलीचं दार लोटलेलं होतं. तांब्या पिंजऱ्यात घातला, बेल पाठीवरच्या पिशवीत, आणि निघाले.

गावातला रस्ता रिकामा होता. दारोदार तोरणं, ओल्या रांगोळ्या. ब्रेक लावायची वेळच आली नाही. मग चढ सुरू झाला, आणि चढाला ब्रेक कशाला लागतो? नमः शिवाय, नमः शिवाय, अशी मी वर पोहोचले. खिंडीत ऊन नुकतं उतरलं होतं. नेहमीप्रमाणे दोन्ही ब्रेक दाबले आणि पाय उचलला.

ब्रेक किंचाळले, पण त्यांनी धरलं नाही.

पुन्हा दाबले. किंचाळलेसुद्धा नाहीत. गुळगुळीत, तेलातल्या पुरीसारखं चाक सटकलं आणि सायकल पळायला लागली.

पहिल्या वळणापर्यंत मी डोळे मिटले होते, खोटं का सांगू. वळण आलं तेव्हा उघडावे लागले. सायकल आपण होऊन कलली, माझ्याबरोबर आडवी झाली आणि पुन्हा सरळ झाली, जशी म्हातारी बाई उंबरा ओलांडते तशी नाही, मुलगी झोक्यावरून उतरते तशी. वारा कानात शिरला. ओढणीचं टोक मागं फडफडत होतं. झेंडूच्या पाकळ्या सुटून तोंडावर आपटत होत्या, एक दातात अडकली. पायडल थांबलं होतं, तेव्हा जपही थांबायला हवा होता. पण जपच माझ्यापुढं धावत होता आणि मी त्याच्यामागं. दुसरं वळण. पोटात काहीतरी हलकं होऊन वर आलं, ते काय होतं ते बघायला वेळ नव्हता. देवा महादेवा, मी मनात म्हटलं, आज तुझ्याकडे येतेय ती थांबायच्या इराद्यानं नाही, एवढं सांभाळून घे.

तिसऱ्या वळणापुढं रस्ता सरळ देवळापर्यंत जातो आणि देवळाजवळ थोडा चढतो. तो चढ आपल्याला थांबवणार हे मला कळत होतं. म्हणजे तिथवर पोहोचलं की झालं. तोंड बंद ठेवायचं, हँडल धरायचं. एवढंच.

वळण संपलं, आणि रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा.

एक हात चेहऱ्यावर, मान पुढं काढलेली, ढिम्म. पांढरा सदरा, काळी टोपी. ती टोपी आदल्या दिवशी मीच धुतली होती. हे! घरी झोपलेले हे!

घंटी वाजवली. माळ तिच्याभोवती दोन पदरी गुंडाळलेली. ओल्या झेंडूखालून 'टक्' असा आवाज आला, पाल चुकचुकते तेवढाच.

हे हलले नाहीत. उलट मोकळा हात वर करून हलवायला लागले! मी हौसेने, ह्यांना बघून वेगात येतेय, असं वाटलं असणार. मी मान जोरात हलवली. ह्यांनीही हलवली.

आता आठवलं की सगळं फार सावकाश घडल्यासारखं वाटतं. तोंड उघडायचं तर सत्याऐंशी दिवस गेले. नाही उघडायचं तर... आणि उघडून म्हणायचं काय? "अहो"? देवळासमोर बाळू गुरव शिडीवर तोरण बांधत होता, दूधवाला किटल्या उतरवत होता, आणखी दोघं-तिघं होते. माझ्या "अहो"ला सगळेच वळून बघत उभे राहिले असते, आणि हे सर्वांत आरामात. हे वळतील असा एकच शब्द होता आणि तो मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारला नव्हता.

"मुकुंदाऽऽऽ!" मी ओरडले. "अरे मुकुंदा, मर बाजूला!"

खिंडीने तो आवाज परत पाठवला. पिंपळावरची वटवाघळं उठली. शिडीवरून बाळू गुरवाच्या हातचं तोरण सुटलं. आणि हे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, साठीचे, गुडघेदुखीवाले हे, बेडकासारखी उडी मारून तरवडाच्या झुडपात गेले.

मी तिथून वाऱ्यासारखी निघून गेले. देवळाचा चढ आला, सायकल मंदावली, आणखी मंदावली, आणि नंदीपासून दोन हातांवर आपण होऊन थांबली. मी पाय टेकला. तांब्या पिंजऱ्यात होता, थेंब सांडला नव्हता.

"कोण हो ती?" बाळू गुरव शिडीवरून खिंडीकडे बघत दूधवाल्याला विचारत होता. "कसली बाई म्हणायची! आवाज आहे का चेष्टा!" मग माझ्याकडे वळून, "काकू, तुमच्या मागून कुणी येतंय का?"

"नाही," झुडपातून उत्तर आलं. ह्यांच्या टोपीत तरवडाची पिवळी फुलं अडकली होती. "आमचीच आहे ती."

मी ओठ मिटले. मोडलेला असला तरी नेम होता. कुणाकडे न बघता आत गेले. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला, हात जोडले. क्षमा मागायची होती. सत्याऐंशी दिवस हातचे गेले, आणि ज्याच्यासाठी नेम धरला होता ते अजून अधांतरी, आता काय तोंडाने मागू? डोळे मिटले तर उतारच दिसायला लागला. वारा, वळण, पाकळ्या. देवासमोर उभी राहून मला हसू येत होतं आणि ते काही केल्या थांबेना. गाभाऱ्यात अशी आगाऊ बाई त्याने पूर्वी पाहिली नसेल.

बाहेर आले तर हे पायरीवर बसले होते. कोपराला खरचटलेलं. काळा चष्मा खिशात.

"इथं कसे तुम्ही?" मी विचारलं. आवाज बसला होता.

"दुधाच्या गाडीतून. तू देवपूजेला बसलीस तेव्हा निघालो."

"आणि रस्त्याच्या मधोमध? सायकल येताना दिसत होती ना?"

"वेगाचा अंदाज येईना. एकाच डोळ्याने बघत होतो." हे थोडं थांबले. हे थांबले म्हणजे काहीतरी असतं. "डावा हाताने झाकला होता."

मी खाली बसले.

"तीन-चार दिवसांपासून भिंतीवरचं कॅलेंडर जरा जरा लागत होतं," हे म्हणाले. "तुला बोललो नाही. खोटंच निघालं तर, म्हटलं. जवळचं नको, लांबचं बघून खात्री करावी. आणि लांबून बघायचं ते काय, तर ही पिवळी टोपी. म्हणून मधे उभा राहिलो, मधूनच सगळी खिंड दिसते."

"मग?"

"आधी वर खिंडीत पिवळा ठिपका दिसला. म्हटलं, ऊन असेल. मग तो हलला. मग वळणावर माळ दिसली, आणि मग दात दिसले."

"कुणाचे दात?"

"तुझे! हसत होतीस ना तू. शेवटची दोन्ही वळणं, सगळा रस्ता. बत्तीशी दाखवत. मी म्हटलं, ही मला बघून एवढी खूष झालीय, आता काय हलायचं इथून!"

मी हसत होते? मला वाटलं होतं मी भ्यालेय. दीड किलोमीटर मी भीतभीत उतरले असं मी पुढं सगळ्यांना सांगणार होते. आणि ज्या डोळ्यासाठी मी तोंड मिटून घेतलं होतं त्याच डोळ्याने माझं उघडं तोंड पाहिलं होतं.

मी ह्यांच्या टोपीतली फुलं काढत राहिले.

"नेम मोडला गं तुझा," हे हळूच म्हणाले. "माझ्यापायी."

"उद्यापासून पुन्हा पहिला दिवस धरीन."

"होता कशासाठी, ते आता तरी सांग."

"ते देवाला माहीत आहे."

ह्यांनी खिशातून आपट्याची पानं काढली, चुरगळलेली. माझ्या हातावर ठेवली. "सोनं घे." मी वाकून नमस्कार केला, परंपरेप्रमाणे, तर हे वरून म्हणाले, "नमस्कार कसला करतेस? मघाशी 'मर' म्हणालीस!"

शिडीवरचा बाळू गुरव खो-खो हसला.

त्या दुपारी जमीरभाईंनी चाकाची चकती बोटाने पुसली, बोट नाकाशी नेलं आणि कपाळाला हात लावला. "खोबरेल? वहिनी, मारुतीला तेल घाला, शनीला घाला, माझ्या डोक्यावर घाला, पण ब्रेकच्या चकतीला नका घालू हो!" गुटके पुन्हा नवे टाकले. ते मात्र दोन वर्षं टिकले.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दुसऱ्या दिवसापासून मोजलेला नेम मी माघ महिन्यात पुरा केला, एकही शब्द न सांडता. हे स्कूटर चालवतात, खिंडीच्या वळणाशी माझ्या आधी जाऊन थांबतात, रस्त्याच्या कडेला, शहाण्यासारखे. आणि दर दसऱ्याला सोनं हातावर ठेवताना म्हणतात, "वैजू, एकदा नाव घे ना तसंच."

"अहो," मी म्हणते, "ब्रेक लागत असताना नाही यायचं ते तोंडात."